दम तुटला

चौलहून रेवदंड्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. त्यांतल्याच एका वाडीत अण्णा राहत. एसटीत ड्रायव्हर होते. अलिबाग डेपोच्या गाड्या तीस वर्षं चालवून निवृत्त झाले, पण गावात त्यांना ड्रायव्हर म्हणून फारसं कोणी ओळखत नसे. ओळख होती ती कबड्डीचे पंच म्हणून.

या किनाऱ्यावर भात झोडून झालं आणि जरा गारवा पडला की गावोगावच्या मंडळांचे सामने सुरू होतात. शेतात नाहीतर पुळणीवर मैदान आखायचं, बांबूंना दिवे बांधायचे, लाउडस्पीकर लावायचा आणि मध्यरात्र उलटेपर्यंत खेळायचं. अण्णा तरुणपणी चढाईला जात. गुडघा गेला तेव्हा त्यांनी शिट्टी घेतली. पंच म्हणून त्यांची ख्याती होती ती कानांसाठी. चढाई करणाऱ्यानं ‘कबड्डी कबड्डी’ हा घोष स्पष्ट आणि खंड न पाडता करायचा असतो. पण मुरलेले गडी ओठ हलते ठेवून मधेच हळूच श्वास ओढतात. मैदानाभोवती गावं लोटलेली असोत, आरडाओरडा चाललेला असो, तो चोरटा श्वास अण्णांना ऐकू येई. एकदा आक्षीच्या पुळणीवर अंतिम सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, त्यांनी सख्ख्या पुतण्याची चढाई “दम तुटला” म्हणून परत बोलावली. चषक गेला. भावानं दोन वर्षं अबोला धरला. “एवढ्या गर्दीत कोणाला कळलं असतं?” असं लोकांनी विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले, “त्याच्या छातीला कळलं होतं की.”

हे झालं पंच असतानाचं. निवृत्तीनंतरचे अण्णा जरा वेगळे होते.

ड्रायव्हरची नोकरी म्हणजे जन्मभर बसणं. त्यात डेपोतला गोड चहा, वाटेतला वडापाव, रात्री उशिरा पोटभर भात. पोट सुटलं, मग साखर निघाली. अलिबागच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालायला सांगितलं. अण्णा चालायला जात ते नाक्यावरच्या हॉटेलापर्यंत. तिथं कटिंग चहा, बशीभर कांदाभजी, दोन-चार जणांशी राजकारण, आणि परत. पावसाळ्यात तेही बंद. तपासणीची तारीख जवळ आली की मात्र अण्णा सावध होत. दोन दिवस आधी भात सोडत, गोडाला हात लावत नसत, आदल्या रात्री नुसत्या ताकावर राहत. उपाशीपोटीची साखर बरी निघे. डॉक्टर मान डोलावत. परतताना स्टँडजवळ पावशेर जिलबी बांधून घेऊन अण्णा गाडीत बसत.

अण्णांच्या पत्नीचं, माईंचं, दुखणं निराळं होतं. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसात विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून त्यांचा पाय गेला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण मनातली धास्ती काही निघाली नाही. वाडीचं शिंपणं गड्यावर सोपवलं. घरातल्या घरातसुद्धा त्या भिंतीला हात लावत चालू लागल्या.

२००९ च्या मे महिन्यात जावई दुबईहून आले आणि सासऱ्यांसाठी एक खोकं घेऊन आले. निन्टेंडो कंपनीचा ‘वी’. जपानी कंपनीनं २००६ च्या शेवटी बाजारात आणलेलं हे खेळाचं यंत्र तेव्हा जगभर खपत होतं. पुढे त्याचा आकडा दहा कोटींच्या वर गेला. बटणं दाबत बसण्याऐवजी पांढरी काठी हातात धरायची आणि ती रॅकेटसारखी, चेंडूसारखी फिरवायची. आपण हात फिरवला की पडद्यावरचा बाहुला हात फिरवतो. सोबत एक पांढरा पाट होता. त्यावर अनवाणी उभं राहायचं. पाटाच्या चार कोपऱ्यांत चार काटे. ते वजन तर सांगतातच, शिवाय तुमचा भार डाव्या पायावर जास्त आहे की उजव्या, टाचेवर की चवड्यावर, हेही दाखवतात.

“पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही ना, म्हणून घरातच व्यायाम,” जावई म्हणाले. सातवीतल्या नातवानं लाल, पांढरी, पिवळी पिन टीव्हीच्या मागे खोचली. माजघरातला झोपाळा कडीला अडकवून बाजूला केला. पहिलं वजन अण्णांचं झालं. यंत्रानं विचार केल्यासारखं केलं आणि पडद्यावरच्या अण्णांच्या बाहुल्याचं पोट सगळ्यांच्या देखत टम्म फुगलं. दारात आळीतली पोरं उभी होती. जावयांनी तोंड फिरवून घेतलं. अण्णांनी त्याच क्षणी ठरवलं, या यंत्राला दाखवून द्यायचं.

आठ-दहा दिवसांत त्यांना यंत्राचं मर्म कळलं. बोलिंगच्या खेळात चेंडू सोडायला खांद्यापासून हात घ्यावा लागत नाही. खुर्चीत बसून मनगटाला एक हिसका दिला तरी पडद्यावर दहाच्या दहा बाटल्या आडव्या. धावण्याच्या खेळात काठी खिशात ठेवायची आणि जागच्या जागी धावायचं असतं. पण काठी हातात धरून नुसती वरखाली झटकली तरी बाहुला धावतो, आणि चांगला धावतो. अण्णा झोपाळ्यावर बसत, एका हातात चहाची बशी, दुसऱ्या हातानं काठी झटकत. बाहुला डोंगर चढे, पूल ओलांडे, वाटेतल्या मंडळींना मागे टाकी. नातवानं एकदा समजावलं होतं, “आजोबा, हिला तुमचे हातपाय दिसत नाहीत. आत एक बारीक चिप आहे, तिला नुसता हिसका कळतो.” नातवानं सांगितलं ते विज्ञान म्हणून. अण्णांनी ते युक्ती म्हणून लक्षात ठेवलं.

वजनाचाही बंदोबस्त झाला. पाट खिडकीजवळ सरकवला. उभं राहताना एका हातानं खिडकीचा गज धरायचा आणि हळूच अंग वर ओढायचं. पहिल्या आठवड्यात एक किलो उतरला, मग दीड. एकदम फार उतरवायचं नाही, हे पथ्य अण्णांनी पाळलं. तपासणीच्या आदल्या रात्री ताकावर राहणारा माणूस, त्याला हे शिकवावं लागत नाही. वजन केलं की यंत्र त्या दिवसाच्या चौकटीत शिक्का उमटवी. जूनचं पान शिक्क्यांनी भरलं. काठीतले पेन्सिल सेल इतके लागू लागले की अण्णा ते उन्हाची तिरीप येईल तेव्हा ओटीवर वाळत घालत.

माईंना यातलं काही कळलं नव्हतं. आधी त्या लांबच होत्या. मग एकदा नातवानं हाताला धरून पाटावर उभं केलं. काठी खिशात ठेवायची, तर लुगड्याला खिसा कुठला? त्यांनी ती कमरेला खोचली आणि पदर वरून घट्ट आवळला. आता काठी हलवायची तर सगळं अंगच हलवावं लागे. त्या धावू लागल्या म्हणजे माजघराच्या फरशीवर पायांचा धपधप आवाज होई, बांगड्या वाजत, आणि पडद्यावरची बाई कशीबशी पावलं टाकी. सगळे तिच्या पुढून निघून जात. बोलिंगमध्ये त्या खरोखर दोन पावलं पुढे येऊन, वाकून, हात मागून पुढे नेऊन चेंडू टाकत. चेंडू कडेच्या नाळीत जाई. एका पायावर उभं राहण्याचा खेळ तर त्यांच्या जिवावर येई. पडद्यावर एक पिवळं वर्तुळ आणि त्यात तांबडा ठिपका. पाय उचलला की ठिपका थरथरायला लागायचा, वर्तुळाच्या काठावर जायचा, बाहेर पडायचा. पहिले कित्येक दिवस त्यांचा एक हात खांबाला होता. मग एक बोट खांबाला. मग बोट खांबापासून चार अंगुळं दूर, नुसतं तयारीत. चारांपैकी तारा मिळायचा एकच.

“अगं, तुला जमायचं नाही ते,” अण्णा झोपाळ्यावरून म्हणत. “माझे गुण बघ.”

“तुमचे तुम्हाला, माझे मला,” माई म्हणत आणि दुसरा पाय उचलत.

पोरं रोज संध्याकाळी जमत. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून खेळ लावला जाई. यादीत वर अण्णांचं नाव, तळाला माईंचं. आळीत बोलवा झाला की अण्णा रोज तीन-तीन किलोमीटर धावतात आणि त्यांचं चार किलो वजन उतरलंय. नारळी पौर्णिमेच्या आधी पाऊस दोन दिवस उघडला म्हणून पाडेली नारळ पाडायला आला. कमरेला कोयता, पायांत दोरीचा फास. चार माड उतरवून तो पाणी प्यायला पडवीत आला, घामानं निथळत होता. आत अण्णा झोपाळ्यावर, बाहुला पडद्यावर. तो बराच वेळ बघत राहिला आणि मोठ्या कौतुकानं म्हणाला, “अण्णा, तुमी त बसूनशी धावताव!”

पोरं हसली. अण्णाही हसले, पण त्या दिवशी खेळ लवकर बंद झाला.

इथं थोडं थांबून यंत्राची बाजू मांडायला हवी, नाहीतर सगळा दोष त्याच्या माथी जाईल. ‘वी’ आलं तेव्हा अनेकांना वाटलं, आता पोरांना मैदानावर पाठवायला नको. इंग्लंडात लिव्हरपूलच्या संशोधकांनी १३ ते १५ वर्षांच्या मुलांना हे खेळ खेळायला लावून त्यांची ऊर्जा किती खर्च होते ते मोजलं आणि २००७ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. बसून खेळायच्या खेळांपेक्षा खर्च बराच जास्त निघाला. पण तेच खेळ प्रत्यक्ष मैदानात खेळण्याइतका नव्हे. यात यंत्राला लाज वाटावी असं काही नाही. खुर्चीतून उठवण्याचं काम ते करतं. उठायचं की नाही, हे माणसाकडे राहतं. त्याच वर्षी स्पेनमधल्या एका डॉक्टरानं आपला स्वतःचा खांदा ‘वी’वर टेनिस खेळून दुखावल्याचं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनला कळवलं होतं. म्हणजे मनापासून खेळलं तर अंग दुखेपर्यंत मेहनत होते, हेही तितकंच खरं. अण्णांचा खांदा कधी दुखला नाही.

गणपती जवळ आले. त्या वर्षी चतुर्थी २३ ऑगस्टला होती. तपासणीची तारीखही त्याच सुमारास आली. नेहमीप्रमाणे अण्णा दोन दिवस भात सोडून आणि आदल्या रात्री ताकावर राहून अलिबागला गेले. डॉक्टरांनी बोटातून रक्त घेतलं, आकडा बघितला, नेहमीप्रमाणे मान डोलावली. मग म्हणाले, “या वेळी आणखी एक तपासणी करू. रक्त मुंबईला पाठवावं लागेल. रिपोर्ट गणपतीनंतर येईल.” अण्णांनी हात पुढे केला. त्यांना वाटलं, पाठवा कुठं पाठवायचं ते.

घरी येऊन बघतात तर खेळ बंद. टीव्हीवर ठेवायची जी बारीक पट्टी असते, तिची वायर उंदरानं कुरतडली होती. गणपती दारात आलेला, त्यामुळे उंदराला कोणी मारेना. पट्टीशिवाय पडद्यावरचा हाताचा पंजा जागचा हलेना. नातवाला शाळेतल्या कोणीतरी सांगितलं होतं, ते त्यानं करून बघितलं. देवघरातली दोन निरांजनं आणली, तूपवात लावली आणि टीव्हीसमोर स्टुलावर वीतभर अंतरावर ठेवली. काठी रोखली. पंजा हलला.

आळीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. माईंनी निरांजनांना हात जोडले. अण्णा चकितच झाले. “अरे, हे कसं काय?”

“आजोबा, त्या पट्टीत काही नसतंच,” नातू म्हणाला. “नुसते न दिसणाऱ्या उजेडाचे बारके दिवे. काठीच्या तोंडाशी कॅमेरा आहे, त्याला दोन टोकांना दोन उजेड दिसले की झालं. पट्टी आहे का निरांजन, हे त्याला कुठं कळतंय?”

“म्हणजे काहीही दाखवलं तरी चालतं?”

“चालतं. ते विश्वास ठेवतं.”

अण्णा पुढे काही बोलले नाहीत. उमेदीची वर्षं पंच म्हणून घालवलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा शिक्का न उमटवता यंत्र बंद केलं.

गौरी-गणपती झाले, विसर्जन झालं, आणि अण्णा रिपोर्ट आणायला गेले. डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. उपाशीपोटीची साखर ठीकच होती. खालचा आकडा होता ९.४.

“हे काय आहे?”

“तीन महिन्यांची सरासरी,” डॉक्टर म्हणाले. “रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या दिवसांत रक्तात जितकी साखर फिरेल तितकी ती त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटते. मग ती सुटत नाही. परवा तुम्ही ताकावर राहिलात, ते हिला कळत नाही. जूनमध्ये काय खाल्लं, जुलैमध्ये किती हललात, ते कळतं. सातच्या आसपास असायला हवा हा आकडा.”

“अहो, पण मी रोज तीन किलोमीटर धावतोय. चार किलो वजन उतरलंय माझं!”

डॉक्टरांनी त्यांना कोपऱ्यातल्या काट्यावर उभं केलं. तिथं खिडकी नव्हती. मेच्या मानानं वजन एक किलो वाढलेलं निघालं.

“धावताना दम लागतो का?” डॉक्टरांनी विचारलं.

साधाच प्रश्न. समोरच्या गड्याचा दम कुठं तुटतो, हे जन्मभर ऐकलेला माणूस त्यावर गप्प बसला.

त्या दिवशी जिलबी आली नाही. संध्याकाळी अण्णा ओटीवर बसले होते. पाऊस नुकता थांबला होता. माई विहिरीवरून कळशी घेऊन येत होत्या. हल्ली पुन्हा जाऊ लागल्या होत्या, हे अण्णांच्या आजवर ध्यानातही आलं नव्हतं. त्याच शेवाळलेल्या पायरीवर त्यांचा डावा पाय सरकला. अण्णा अर्धवट उठले. पण उजवा पाय जागच्या जागी रोवला गेला, कमर एका बाजूला झुकली, मोकळा हात हवेत गेला, आणि माई सरळ झाल्या. कळशीतलं थोडं पाणी सांडलं. त्यांनी पदर खोचला आणि काही झालंच नाही अशा स्वयंपाकघराकडे गेल्या. चार ताऱ्यांपैकी त्यांना अजूनही एकच तारा मिळत होता.

रात्री लाइट आल्यावर नातवानं खेळ लावला. अण्णांनी खुंटीवरची पंचाची शिट्टी काढली, फुंकून धूळ उडवली आणि माईंच्या हातात दिली.

“हे काय?”

“तू पंच. मी धावतो. दम तुटला की वाजव.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“तीस वर्षं ऐकतेस मला. कळेल.”

काठी लेंग्याच्या खिशात गेली. अण्णा झोपाळ्यावरून उठून पाटाशेजारी उभे राहिले आणि ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत जागच्या जागी धावू लागले. पडद्यावरचा बाहुला पहिल्या वळणालासुद्धा पोचला नव्हता, तोच शिट्टी वाजली. अण्णांनी चिडून वळून बघितलं. ओठ हलत होते, त्यांनी मधेच हळूच श्वास ओढला होता. माईंना ते कळलं होतं.

पोरं हसली नाहीत. बाहुल्याच्या नावापुढे कधी नव्हे इतके कमी गुण आले. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढून टीव्हीवर असा टाकला, की गुण दिसायचा कोपरा झाकला गेला. तो टॉवेल पुढे तिथंच राहिला.

डॉक्टरांना हा प्रकार कळला तेव्हा त्यांनी एक दुरुस्ती सुचवली. साठीच्या माणसानं श्वास रोखून एका दमात काही करू नये; छातीवर ताण येतो. त्याऐवजी बोलत धावा. व्यायाम बेताचा पण खरा होतोय हे ओळखायची डॉक्टरमंडळींची एक सोपी खूण आहे: माणसाला तुटक तुटक का होईना बोलता यायला हवं, पण गाणं म्हणता येता कामा नये. आरामात गाता आलं तर वेग वाढवा. चार शब्दही फुटेनात, तर कमी करा. छातीत दुखलं, गरगरलं, तर तिथंच थांबा आणि मला फोन करा. आणि साखरेची गोळी घेऊन उपाशीपोटी धावू नका.

बोलायचं काय? कबड्डीचा घोष बंद झाला. ‘विठ्ठल विठ्ठल’ करून बघितलं, ते गाण्यावर जाई. मग अण्णांना त्यांच्या अंगात मुरलेली एक यादी आठवली. ते धावत धावत थांबे म्हणू लागले. अलिबाग. कार्लेखिंड. पोयनाड. वडखळ. पेण. हमरापूर. जिते. खारपाडा. तारा. कर्नाळा. पळस्पे. पनवेल. दर दहा पावलांना एक थांबा. शब्द तुटला की माई शिट्टी वाजवत आणि गाडी तिथं उभी राही. पहिल्या दिवशी ती पोयनाडला बंद पडली. मग दोन मिनिटं संथ चालायचं, श्वास जागेवर आणायचा, आणि पुन्हा अलिबागपासून सुरुवात.

आळीत आता कोणी गुण विचारीना. “अण्णा, आज कुठवर?” असं विचारत. दसऱ्याला वडखळ झालं. दिवाळीत फराळ आडवा आला आणि गाडी पुन्हा पोयनाडला आली. अण्णांनी ते नाक्यावर स्वतःहून सांगितलं. माईंची आणि अण्णांची पाळी लागली: तो धावतो तेव्हा ती पंच, ती पाटावर उभी राहते तेव्हा तो. तिच्या ठिपक्याकडे बघताना अण्णांचा स्वतःचा श्वास अडकायचा. एकदा त्यांनी गंमत म्हणून पाटावर उभं राहून एक पाय उचलला, आणि दुसऱ्याच क्षणी खांबाला मिठी मारली.

“जमायचं नाही ते तुम्हाला,” माई म्हणाल्या.

११ नोव्हेंबरला फयान वादळ या किनाऱ्यावर आलं. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, तारा तुटल्या, वीज गेली. आता अशा गोष्टीत पुढे असं येतं, की यंत्र बंद पडतं आणि माणूस पहाटे उठून समुद्रावर धावायला लागतो. अण्णांचं तसं काही झालं नाही. वीज नव्हती तेवढे दिवस ते झोपाळ्यावर बसून राहिले आणि वीजमंडळाला शिव्या देत राहिले. पडलेल्या पोफळी तोडायला गड्याच्या जोडीनं माईच उभ्या राहिल्या. वीज आली त्या संध्याकाळी अण्णांनी न सांगता लेंगा वर खोचला. ज्याला जे उठवतं त्यानं त्याला उठवावं. कोणाला समुद्र उठवतो, कोणाला वारी, अण्णांना एक पांढरा डबा उठवत होता. त्या डब्याला फसवणं त्यांनी सोडलं होतं, एवढाच काय तो फरक.

डिसेंबरात रक्त पुन्हा मुंबईला गेलं. आकडा आला ७.८. वजन डॉक्टरांच्या काट्यावर तीन किलो कमी. डॉक्टरांनी गोळ्या होत्या तेवढ्याच ठेवल्या आणि म्हणाले, “अजून पनवेल यायचंय.” त्याच आठवड्यात पुळणीवर सामने सुरू झाले आणि मंडळानं अण्णांना पुन्हा पंच म्हणून बोलावलं. पहिल्याच सामन्यात एका पोराची चढाई त्यांनी परत बोलावली. पोरगा हुज्जत घालू लागला तेव्हा अण्णा म्हणाले, “बाळा, चार महिने मीही हेच करत होतो. पोयनाडच्या पुढे जात नाही माणूस.” पोराला काही कळलं नाही. कडेला बसलेल्या आळीतल्या पोरांना कळलं.

पुढच्या श्रावणातल्या एका सोमवारी दोघं कनकेश्वराच्या डोंगराच्या पायऱ्या चढून गेले. अण्णा नागोबाच्या टप्प्यावर बसले, देवाच्या पायरीशी पुन्हा बसले, आणि वर पोचले तेव्हा माई दर्शन घेऊन पुष्करणीच्या काठावर त्यांची वाट बघत होत्या.

‘वी’चं उत्पादन २०१३ मध्ये थांबलं. त्याच्याआधी, २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचं ‘किनेक्ट’ आलं होतं; त्यात काठीच नव्हती, कॅमेरा अख्ख्या अंगाकडे बघे, त्यामुळे झोपाळ्यावर बसून धावणं जमत नसे. तेही २०१७ मध्ये बंद झालं. २०१९ मध्ये निन्टेंडोनं लवचीक कडं दाबायचा खेळ काढला, तो हातावरून नाडीही बघतो. आता तर पावलं मोजणारं घड्याळ घरोघरी आहे, आणि रात्री दहा वाजता आकडा पुरा करायला सोफ्यावर बसून हात हलवणारी मंडळीही घरोघरी आहेत. त्यांतल्या एकालाही अण्णांनी नावं ठेवलेली ऐकिवात नाहीत. ते फक्त विचारतात, “बोलता येतंय का?”

तुमच्याही माळ्यावर असं एखादं यंत्र धूळ खात पडलं असेल तर खाली काढा. नवे सेल घाला, समोरचा टीपॉय सरकवा, पायांत काही घालू नका, साखर किंवा दाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि मनगटाला अडकवायची दोरी अडकवायला विसरू नका. २००६ च्या डिसेंबरात लोकांनी इतक्या जोरात हात फिरवले, की दोऱ्या तुटून काठ्या टीव्हीवर आदळल्या, आणि कंपनीला ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची घोषणा करावी लागली.